भारतातलं चॉकलेट मेणाचं आणि फॉरेनचं खरं? हा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं वाचा

कुणी ना कुणी परदेशातून चॉकलेटं घेऊन आलं की हा मेसेज परत ग्रुपवर फिरायला लागतो. थोडक्यात सांगायचं तर त्यात असं असतं की भारतात मिळतं ते चॉकलेटच नाही, त्यात मेण घालतात म्हणून ते आपल्या उन्हात टिकतं, युरोपात कायद्याने २५ टक्के कोको लागतो आणि आपल्याकडे फक्त अडीच टक्के, तिकडे शुद्ध कोको बटर आणि इकडे पामतेल, रॅपरवरचा ४७६ नंबर म्हणजे प्राण्यांची चरबी, कंपन्या उरलासुरला माल आपल्या माथी मारतात, आणि पुरावा काय तर दोन्ही खाऊन बघा, चव वेगळी लागते की नाही.

चव वेगळी लागते हे शंभर टक्के खरं आहे. पण त्या फरकावर जी कारणं चिकटवलीयत ती जवळजवळ सगळी चुकीची आहेत, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण खरी कारणं कितीतरी जास्त मजेशीर आहेत आणि या मेसेजच्या नादात ती कुणाला कळतच नाहीत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी मेण. कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आपलं तोंड ३७ अंशांना असतं, म्हणून चॉकलेट जिभेवर नुसतं ठेवलं तरी पाघळतं. मेणबत्तीच्या मेणाला वितळायला याहून बरंच जास्त तापमान लागतं, म्हणजे उन्हात टिकण्याइतकं मेण घातलं असतं तर बाकीचं सगळं विरघळून तोंडात चघळायला मेण उरलं असतं. तसं कधी झालंय का? आणि उन्हात टिकतं म्हणता तर मे महिन्यात अकोल्याला नाहीतर जळगावला एक कॅडबरी खिशात टाकून चौकापर्यंत जाऊन या, रॅपरमध्ये लगदा सापडेल. जेम्ससारख्या रंगीत गोळ्यांना चकाकीसाठी बाहेरून अगदी पातळ लेप देतात, त्यात खाण्यायोग्य वनस्पतीजन्य मेण असू शकतं, पण ते जगभर तसंच करतात आणि त्याचा चॉकलेटच्या वडीशी काही संबंध नाही.

मेणाचा संशय कुठून येतो ते मला कळतं. रॅपर उघडलं की वडीवर पांढुरका, भुरकट थर दिसतो, बोट लावलं की चिकटसर लागतो, लोक त्याला मेण म्हणतात नाहीतर बुरशी. ते बहुतेक वेळा कोको बटरच असतं. कोको बटरचे स्फटिक सहा प्रकारे जमू शकतात, आणि कारखान्यात टेम्परिंग करून, म्हणजे चॉकलेट ठराविक पद्धतीने तापवून-गार करून, त्यातला पाचवा प्रकार मुद्दाम जमवून घेतात, ती चकाकी आणि वडी मोडताना येणारा कट्कन आवाज त्याच्यामुळे असतो. आता आपल्याकडे काय होतं, दुकानदार रात्री फ्रीज बंद करून घरी जातो, किंवा माल टेम्पोत दुपारभर उन्हात उभा राहतो, चॉकलेट आतल्या आत मऊ होतं आणि परत आपलं आपण थिजतं, तेव्हा स्फटिक कसेही जमतात, चरबी वर येते, वडी भुसभुशीत होते. खायला अपाय नाही पण मजा गेलेली असते. आणि त्यात आपण चॉकलेट फ्रीजमधून काढून थेट तोंडात टाकतो, गार चॉकलेट लवकर पाघळत नाही, वासही सुटत नाही, म्हणून मेणचट लागतं. तीच वडी पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवून खा आणि मग सांगा.

दुसरा मुद्दा २५ विरुद्ध अडीच. हा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण आकडे दोन्ही खरे आहेत आणि तुलना खोटी आहे. युरोपच्या नियमात दुधाच्या चॉकलेटला २५ टक्के लागतात ते एकूण कोको, म्हणजे कोको बटर धरून. आपल्या नियमातले अडीच टक्के आहेत ते चरबी वगळून उरलेल्या कोरड्या कोकोचे. आणि त्याच युरोपियन नियमात, त्याच परिच्छेदात, चरबीविरहित कोको किमान अडीच टक्के असंच लिहिलेलं आहे! एकाचा एकूण पगार आणि दुसऱ्याची नुसती बेसिक शेजारी ठेवून कोण गरीब ते ठरवायचं, तसला हा प्रकार आहे. खरा फरक दाखवायचाच असेल तर दुधाच्या स्निग्धांशाचा दाखवा, युरोपात तो किमान साडेतीन टक्के लागतो आणि आपल्याकडे दोन, आणि दुधाची चरबी कमी असली की वडी जरा कडक लागते, तोंडात तितकी लोण्यासारखी पसरत नाही. पण हे मेसेजमध्ये नाही, कारण मेसेज लिहिणाऱ्याने नियम उघडूनच पाहिलेला नाही.

शिवाय ज्या ब्रिटनच्या डेअरी मिल्कचे गोडवे गातात तिथे हा २५ चा आकडा लागूच नव्हता. ब्रिटन, आयर्लंड आणि माल्टाला सूट होती, २० टक्के कोको आणि २० टक्के दूध असलं तरी तिथे ते मिल्क चॉकलेट म्हणून विकता येतं. अमेरिकेत तर कोकोच्या बाबतीत किमान १० टक्के कोको लिकर, म्हणजे बियांचा वाटलेला लगदा, एवढंच बंधन आहे.

आता पामतेल, आणि इथे जरा थांबायला हवं. ब्रिटनमधल्या डेअरी मिल्कचं रॅपर उलटं करून वाचा, कोणाचं लंडनला कोण असेल तर फोटो मागवा, त्यात पाम आणि शिया यांची वनस्पती चरबी स्पष्ट लिहिलेली आहे. भारतातल्या डेअरी मिल्कच्या मागे मी वाचलेली यादी साखर, दुधाचे घन पदार्थ, कोको बटर, कोको सॉलिड्स आणि इमल्सिफायर अशी आहे. म्हणजे या एका बाबतीत मेसेज बरोब्बर उलटा आहे. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपियन समुदायात गेला तेव्हापासून यावर भांडण सुरू झालं, फ्रान्स आणि बेल्जियमवाले म्हणायचे की कोको बटर सोडून दुसरी चरबी घातली तर ते चॉकलेट कसलं, आणि ब्रिटिश म्हणायचे आम्ही असंच खातो. जवळजवळ तीस वर्षं हे चाललं. शेवटी २००० साली तडजोड झाली, पाच टक्क्यांपर्यंत इतर वनस्पती चरबी चालेल, पण कुठल्याही झाडाची नाही, फक्त सहा. त्यानंतरही इटली आणि स्पेन असल्या चॉकलेटला 'चॉकलेटचा पर्याय' असं लेबल लावायला लावत होते, ते २००३ मध्ये युरोपियन न्यायालयाने बंद केलं.

त्या सहांची यादी आपल्या माणसाने एकदा तरी वाचावी. पाम, शिया, बोर्निओचं इलिपे, आणि मग साल वृक्षाच्या बिया, आंब्याची कोय आणि कोकम. हो, आपलं कोकणातलं कोकम! सोलं काढून झाल्यावर बिया वाळवतात, कुटून पाण्यात उकळतात, गार झालं की वर तवंग थिजतो, तो काढून मुठीत दाबून गोळे वळतात, ते मुठेल. गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. थंडीत टाचांना भेगा पडल्या की आमच्याकडे हेच गरम करून लावायचे. हे कोको बटरपेक्षा जरा जास्त तापमानाला वितळतं, म्हणून थोडंसं मिसळलं की चॉकलेट उन्हात जरा तग धरतं. म्हणजे 'न वितळणारं चॉकलेट' करायची एक सभ्य, कायदेशीर रीत आहे आणि तिचं झाड रत्नागिरी-सिंधुदुर्गात परसात उभं आहे. सालबियांची चरबीसुद्धा भारतातून बाहेर जाते ती याच कामाला. एवढं सगळं सोडून आपण मेण-मेण करत बसलोय.

४७६ बद्दल फार वेळ घालवत नाही. ते पीजीपीआर, एरंडेल तेलापासून करतात, पातळ केलेलं चॉकलेट साच्यात नीट वाहावं म्हणून अगदी थोडं घालतात, आणि ब्रिटनच्या डेअरी मिल्कमध्येही तेच आहे. आपल्याकडे रॅपरवर हिरवा ठिपका असतो तो काही शोभेसाठी नसतो.

'उरलासुरला माल' हा मुद्दा तर ठाणे-पुण्याच्या माणसाने तरी पुढे पाठवू नये. कॅडबरी १९४८ ला भारतात आली, ठाण्याच्या कॅडबरी जंक्शनला ते नाव तिथल्या कारखान्यामुळे पडलं, तळेगावजवळ इंदुरीला कारखाना आहे, मध्य प्रदेशात मालनपूरला, हिमाचलात बद्दीला, आंध्रात श्री सिटीला. इथे बनतं ते इथल्यासाठीच बनतं, कॅडबरीच्या मूळ गावी, बर्मिंगहॅमला, नापास झालेला माल जहाजात भरून कोणी आणत नाही. आणि उलट बाजूने, आत्याने दुबईहून आणलेली गॅलेक्सी बहुतेक दुबईच्याच कारखान्यातली असते. टोब्लेरोन या स्विस चॉकलेटचं काही उत्पादन स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला हलवायचं ठरलं आणि २०२३ मध्ये वेष्टनावरचा मॅटरहॉर्न डोंगर काढावा लागला, कारण सगळं स्वित्झर्लंडमध्ये बनत नसेल तर स्विस कायद्याप्रमाणे तो छापता येत नाही.

मग चव वेगळी का? मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक इथेच आहे, 'फॉरेनचं चॉकलेट' म्हणून एकच एक चव जगात नाहीच. स्वित्झर्लंडमध्ये १८७५ च्या सुमारास डॅनियल पीटरने दुधाचं चॉकलेट केलं, पुढे तिथे दुधाची पावडर वापरायची पद्धत रुळली, आणि १८७९ मध्ये रोडोल्फ लिंटने चॉकलेट तासन्‌तास घोटायचं यंत्र आणलं, म्हणून स्विस चॉकलेट गुळगुळीत आणि ताज्या दुधाच्या चवीचं. कॅडबरीच्या ब्रिटिश पद्धतीत दूध, साखर आणि कोकोचा लगदा एकत्र आटवून त्याचा कोरडा चुरा करतात, त्याला क्रंब म्हणतात, आटवताना दूध-साखर जरा भाजली जाते आणि खव्याच्या जवळ जाणारी खमंग चव येते, १९०५ पासून ब्रिटिश पोरं त्याच चवीवर वाढलीत. अमेरिकेतल्या हर्शीजला एक किंचित आंबूस झाक असते, ती ब्युटिरिक आम्लाची, दुधातली चरबी थोडी फुटली की तयार होणारं, पार्मेझान चीजमध्येही असतं तेच. युरोपियन माणूस पहिल्यांदा खातो तेव्हा तोंड वाकडं करतो, अमेरिकन माणसाला त्याशिवाय चॉकलेट चॉकलेट वाटत नाही. जपानमध्ये मेजी कंपनीचं मेल्टीकिस फक्त थंडीतच विकायला येतं, कारण ते इतकं मऊ की उन्हाळ्यात टिकायचं नाही.

आता सांगा, यातलं 'खरं' कुठलं? अमेरिकेत कॅडबरी बनवायचा परवाना १९८८ पासून हर्शीकडे आहे, तिथल्या डेअरी मिल्कच्या यादीत पहिली साखर येते आणि ब्रिटनच्या यादीत पहिलं दूध (यादीत जे सगळ्यात जास्त ते आधी). २०१५ मध्ये ब्रिटनची वडी अमेरिकेत आयात करणं कोर्टातल्या तडजोडीने बंद झालं तेव्हा तिथले ब्रिटिश लोक किती चिडले होते! म्हणजे अमेरिकेतला ब्रिटिश माणूसही आपल्यासारखीच तक्रार करतो की इथलं ते नव्हेच.

आपल्या वडीत साखर पहिली असते, हे मान्य, आणि ती मला जास्त गोड लागते हेही मान्य. पण ब्रिटनच्या वडीतही १०० ग्रॅममागे ५६ ग्रॅम साखर आहे, तेव्हा ते आरोग्याचं आणि आपलं विषाचं असं काही नाही.

तक्रार करायचीच असेल तर जागेवर करा ना. ब्रिटनच्या रॅपरवर कोको किमान किती आणि दूध किमान किती ते छापलेलं असतं, आपल्याकडे दुधाच्या चॉकलेटवर कोकोची टक्केवारी सहसा शोधून सापडत नाही, ती मागा. न्यूझीलंडमध्ये २००९ मध्ये कॅडबरीने डेअरी मिल्कमध्ये पामतेल घातलं, गिऱ्हाइकांनी इतका आवाज केला की त्याच वर्षी ते काढावं लागलं. आणि कोको महाग झाला की तिकडचेही हात आखडता घेतात, २०२५ मध्ये ब्रिटनच्या पेंग्विन आणि क्लब बिस्किटांवर चॉकलेट शब्द जाऊन 'चॉकलेट फ्लेवर' आलं, कोको तेवढा उरलाच नव्हता.

आणि ज्यात खरोखर कोको बटर नसतं ते आपल्या डोळ्यासमोर आहे. कंपाउंड. कोको पावडरीत कडक वनस्पती चरबी घालून केलेली लादी, टेम्परिंगची कटकट नाही, उन्हात पटकन पाघळत नाही, म्हणून थंड हवेच्या ठिकाणी 'होममेड' म्हणून सुटं विकतात त्यातलं बरंचसं याचंच असतं, आणि केकवाल्यांकडेही तेच. ते विकण्यात गुन्हा नाही, स्वस्त पडतं, पोरांना आवडतं, पण गिऱ्हाइकाला सांगायला हवं. पाकिटावर 'चॉकोलेटी', 'चॉको कोटिंग' असलं काही दिसलं की मागे हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलंय का बघा, आणि सुटं घेताना दुकानदाराला सरळ विचारा, कंपाउंड आहे की कोको बटरचं, त्याला ते पक्कं माहीत असतं.