कराचीहून होणारे एक व्याख्यान

आज दुपारी तीनच्या सुमारास निरोप आला की शनिवारच्या चर्चासत्रातील कराचीच्या संशोधक बाईंचे ऑनलाइन व्याख्यान ‘अपरिहार्य कारणास्तव’ रद्द करण्यात आले आहे. बाकी कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. मुंबईतील ज्या महाविद्यालयाने हे चर्चासत्र ठेवले आहे त्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण निरोप पाठवणारे प्राध्यापक माझे जुने सहकारी आहेत आणि फोनवर त्यांचा आवाज इतका पडलेला होता की त्यांच्यावर रागवायला जीव होईना. पण राग आहे. रात्रीचे नऊ वाजले तरी तो उतरलेला नाही.

विषय काय होता तेही सांगते. सिंध १९३६ पर्यंत आपल्या मुंबई इलाख्यात होता. कराचीत १८५५ साली सुरू झालेली सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. इकडून तिकडे गेलेल्या अशा मराठी शिक्षकांवर या बाई गेली काही वर्षे काम करत आहेत. शाळा त्यांच्या गावात आहे आणि इलाख्याच्या शिक्षणखात्याचे जुने दप्तर आपल्याकडे, काळा घोड्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात. त्यांना इथे येता येत नाही, आपल्याला तिथे जाता येत नाही. उरली होती ती पडद्यावरची चाळीस मिनिटे, आणि तीही आपण काढून घेतली.

दुपारपासून मला बाबा आठवत आहेत. ते ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात धातुशास्त्राचे काम करत. ११ आणि १३ मे १९९८ रोजी पोखरणला चाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध लादले आणि बाबांच्या केंद्राचे नाव बंदीच्या यादीत गेले. (ते यादीतून निघाले जानेवारी २०२५ मध्ये. तोवर बाबा राहिले नव्हते.) जूनमध्ये परदेशातील एका प्रयोगशाळेचे चार ओळींचे पत्र आले की त्यांची ठरलेली तीन महिन्यांची भेट आता होणार नाही. अणुशक्तीनगरच्या आमच्या घरात पलंगाखाली अर्धी भरलेली सुटकेस पुढे कितीतरी दिवस तशीच पडून होती, आणि आई झाडू मारताना ती सरकवून पुन्हा जागच्या जागी ठेवत असे. बाबांचा बॉम्बशी काडीचाही संबंध नव्हता. त्यांना ते कोणी विचारलेही नाही.

मला चीड येते ती याच गोष्टीची. बहिष्कार घालणारा माणूस समोरच्याला काही विचारत नाही, तो फक्त पारपत्र पाहतो. २००२ साली मँचेस्टरहून निघणाऱ्या भाषांतरविषयक नियतकालिकांनी दोन अभ्यासकांना केवळ ते इस्रायली विद्यापीठांत शिकवतात म्हणून दूर केले. त्यांतील मिरियम श्लेसिंगर या इस्रायलमधील अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या अध्यक्ष राहिल्या होत्या. आपल्याच सरकारला जाब विचारणाऱ्या बाईला बाहेर काढून पॅलेस्टाईनमधल्या कोणत्या विद्यार्थ्याचे भले झाले, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेले नाही.

वर्णभेदाच्या काळातील दक्षिण आफ्रिकेचे काय, असे तुमच्यापैकी काहीजण विचारतील. मान्य आहे. १९६५ साली ब्रिटनमधील शेकडो प्राध्यापकांनी तिथल्या विद्यापीठांत नोकरी न करण्याचे जाहीर केले, तेव्हा मी असते तर मीही सही केली असती. मार्च २०२२ मध्ये रशियातील कुलगुरूंनी युक्रेनवरील युद्धाला जाहीर पाठिंबा दिला, आणि अशा कुलगुरूंच्या विद्यापीठांशी करार मोडले गेले तर मला त्याचेही दुःख नाही. पण तेवढे केले तरी माणसासाठी एक दार उघडे ठेवता येते. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने ३० नोव्हेंबर २०२४ रोजी रशियाशी सहकार्य थांबवले; तरीही अन्य देशांतील संस्थांशी जोडलेल्या रशियन शास्त्रज्ञांना तिथे काम चालू ठेवता आले. आपण तर दारही बंद केले आणि कारणही सांगितले नाही.

आणि हो, पहलगाम मी विसरलेली नाही. २६ माणसे गेली, त्यांतील तिघे आपल्या डोंबिवलीचे होते. त्या घरांतील कोणी मला म्हणाले की कराचीचा आवाजही कानावर नको, तर मी मान खाली घालून गप्प बसेन. पण हे व्याख्यान त्या घरांनी थांबवलेले नाही. उद्या कोणी गोंधळ घालील, कोणी चित्रफीत फिरवील, या धास्तीने ते थांबवले गेले. धास्तीला दुःखाचे नाव देऊ नये.

त्या पत्रानंतर दोनेक महिन्यांनी आमच्याकडे एक तपकिरी पाकीट आले होते. कुठल्याशा परिषदेत बाबांना एकदाच भेटलेल्या एका निवृत्त जर्मन प्राध्यापकांनी नव्या निबंधांच्या छायाप्रती पाठवल्या होत्या, समासात पेन्सिलने बारीक टिपा काढून. मग दर दोन-तीन महिन्यांनी पाकीट येत राहिले. बाबा स्वयंपाकघरातील सुरीने ते अगदी सावकाश उघडत, कारण तिकिटे मला हवी असत. त्या गृहस्थांनी निर्बंधांविषयी कधी एक अक्षर लिहिले नाही. आकृती तीनमधील वक्ररेषा चुकली आहे असे तुम्हाला वाटत नाही का, एवढेच ते विचारत, आणि मग बाबा दोन-दोन रात्री त्या वक्ररेषेपाशी बसत. ती सुटकेस पलंगाखालून कधी निघाली ते मला आठवत नाही, पण त्या पाकिटांच्या काळातच निघाली असावी.

बाबा आम्हाला अब्दुस सलाम यांची गोष्ट सांगत. पाकिस्तानचे हे नोबेल विजेते १९८१ साली कोलकात्यात आपले लाहोरच्या कॉलेजातील गणिताचे शिक्षक अनिलेंद्र गांगुली यांना शोधत त्यांच्या घरी गेले आणि आपले पदक त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या गुरूंसमोर ठेवले. १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे तोवर होऊन गेली होती. ही गोष्ट सांगताना बाबांचा आवाज दर वेळी बदलायचा.

मी मघाशी कराचीला फोन केला होता. बाई रागावलेल्या नव्हत्या, उलट मलाच धीर देत होत्या. शिक्षणखात्याच्या १८५० नंतरच्या दप्तरातील काही पानांची नक्कल मिळेल का, एवढे त्यांनी विचारले. सोमवारी मी काळा घोड्याला जाऊन रीतसर अर्ज करणार आहे. आणि या रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्या माझ्या घरच्या संगणकावरून बोलतील. कराचीत तेव्हा साडेचार वाजलेले असतील. ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी मला कळवावे. बैठकीच्या खोलीत बारा-पंधरा जण आरामात बसतील, बाकीच्यांना दुवा पाठवीन.