‘प्राणीप्रेमींनी देवमासे मारले’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परवा सकाळी साताऱ्याहून बाबांचा मेसेज आला. "अगं, आपण पाहिलेले ते पांढरे मासे मारून टाकणार म्हणे! काय हा मूर्खपणा." खाली एक लांबलचक फॉरवर्ड, वर ठळक अक्षरांत "कॅनडात ३० देवमाशांना मृत्युदंड!" संध्याकाळपर्यंत तोच मजकूर आत्याकडून आला, शाळेच्या ग्रुपवर आला आणि इथल्या, म्हणजे कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागाच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही आला.

बाबा निवृत्त शिक्षक आहेत. ऐकीव गोष्ट ते सहसा पुढे ढकलत नाहीत. ही ढकलली, कारण २०१४च्या उन्हाळ्यात आई-बाबा नायगारा बघायला आले होते तेव्हा मरीनलँड या तिथल्या सागरी प्राण्यांच्या पार्कमध्ये बाबांनी स्वतःच्या हाताने बेलुगाला, म्हणजे पांढऱ्या देवमाशाला, मासा भरवला होता. तो फोटो अजून टीव्हीशेजारी आहे. त्यामुळे माझा राग बाबांवर नाही. त्यांच्या मायेचा असा वापर करून घेणाऱ्यावर आहे.

फॉरवर्डमध्ये म्हटलंय ते असं. नायगाऱ्याच्या मरीनलँडमधले ३० बेलुगा चीनमधलं एक पार्क घ्यायला तयार होतं, पण प्राणीप्रेमींच्या दबावाखाली कॅनडा सरकारने नाही म्हटलं आणि आता त्यांना इंजेक्शन देऊन मारणार. समुद्रात बेलुगा जेमतेम २५-३० वर्षं जगतो, पार्कात त्याला डॉक्टर, वेळेवर खाणं, शत्रू नाही, म्हणजे तिथेच तो सुखी. तो हसतो, मान डोलावतो. समुद्रात सोडला तर मरेल. मुलांना त्यातून शिकायला मिळतं. आणि शेवटी, आपल्या कोकणातही असं पार्क व्हायला हवं.

पहिला मुद्दाच सगळ्यात खोटा आहे, म्हणून आधी तोच घेते.

मारायची भाषा प्राणीप्रेमींनी केली नाही, सरकारनेही केली नाही. ती पार्कने स्वतः केली. जॉन होलर यांनी १९६१ साली सुरू केलेलं हे पार्क. ते २०१८ मध्ये वारले, धंदा आधीच उतरणीला लागला होता, २०२५च्या उन्हाळ्यात तर फाटक उघडलंच नाही. पार्कने बेलुगा चीनच्या झुहाई शहरातल्या चिमलाँग ओशन किंगडमला पाठवायची परवानगी मागितली. १ ऑक्टोबर २०२५ला मत्स्यव्यवसाय मंत्री जोआन थॉम्पसन यांनी ती नाकारली, कारण तिथेही या प्राण्यांच्या नशिबी खेळ करून दाखवणंच होतं. त्यावर पार्कने मंत्र्यांना पत्र पाठवलं की आमच्याकडे पैसे उरलेले नाहीत, ७ तारखेपर्यंत मदत द्या, नाहीतर या प्राण्यांना दयामरण द्यावं लागेल. ज्यांनी साठ वर्षं तिकिटं विकली त्यांनीच जेमतेम काही दिवसांची मुदत घालून ३० जिवांची किंमत मागितली. ती धमकी फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अलगद उचलून प्राणीप्रेमींच्या माथी मारली.

सरकारचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. नकार देताना ‘मग यांचं करायचं काय’ याचं उत्तर त्यांच्याकडे तयार नव्हतं, आणि २०१९ मध्ये देवमासे-डॉल्फिन बंदिवासात ठेवायला बंदी करणारा कायदा केला तेव्हा आधीपासून टाक्यांत असलेल्यांची सोय लावून घ्यायला हवी होती. हा राग मलाही आहे.

पण फॉरवर्डला खरंच मरणांचाच कळवळा असेल, तर आधीच झालेल्या मरणांबद्दल त्यात एक ओळही का नाही? कॅनेडियन प्रेस ही इथली जुनी वृत्तसंस्था. तिने सरकारी कागदपत्रं आणि अधिकाऱ्यांची निवेदनं जमवून हिशोब मांडलाय. २०१९पासून मरीनलँडमध्ये २० देवमासे मेले, १९ बेलुगा आणि एक ऑर्का (काळा-पांढरा शिकारी देवमासा). सहा वर्षांत वीस. २०२१ मध्ये ओंटारिओ प्रांताच्या तपासनिसांनी लिहून ठेवलंय की खराब पाण्यामुळे तिथले सगळेच सागरी सस्तन प्राणी हालात आहेत. पार्कला ते मान्य नाही, मरण हा निसर्गक्रम आहे असं ते म्हणत आलेत. असेल. पण आपल्या गल्लीत एका गोठ्यात सहा वर्षांत वीस जनावरं गेली असती तर आपण निसर्गक्रम म्हणून पुढे गेलो असतो का?

त्या विसातला एकुलता ऑर्का म्हणजे किस्का. बाबा, ती तुम्हाला आठवत असेल. बेलुगा बघून झाल्यावर आपण खाली काचेपाशी गेलो होतो, आणि आई काचेला हात लावून बराच वेळ उभी होती. काळं-पांढरं प्रचंड अंग काचेला लागून सावकाश पुढे जायचं, दिसेनासं व्हायचं, आणि थोड्या वेळाने पुन्हा त्याच बाजूने यायचं. आई तुळशीला प्रदक्षिणा मोजाव्यात तशा तिच्या फेऱ्या मोजत होती. मग मला विचारलं, "हिच्या सोबतीला कुणीच नाही का गं?" मला तेव्हा काही माहीत नव्हतं. पलीकडच्या बाजूला असतील, असं काहीतरी सांगून मी तिला बाहेर आणलं.

पलीकडे कुणी नव्हतं. किस्काला १९७९ मध्ये आइसलँडच्या समुद्रात पकडलं, ती साधारण तीन वर्षांची असताना. तिला पाच पिल्लं झाली, पाचही लहानपणीच गेली. २०११ मध्ये तिच्या सोबतचा शेवटचा ऑर्का अमेरिकेला परत पाठवला आणि तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे मार्च २०२३पर्यंत, तिने आपल्या जातीचा दुसरा जीव पाहिला नाही. ऑर्काच्या माद्या आयुष्यभर आईच्या कळपात राहतात, त्यांची हाक मारायची पद्धतसुद्धा कळपागणिक वेगळी असते. २०२१ मध्ये ती भिंतीवर स्वतःला आपटून घेते आहे असा व्हिडिओ जगभर फिरला. ‘पार्कात सुखी’ असं लिहिणाऱ्याने तो बघावा.

आता ते २५-३० वर्षांचं प्रकरण. हा आकडा हवेतून आलेला नाही, आणि म्हणूनच तो पटतो. बेलुगाचं वय दातावरून काढतात. दात उभा कापला की झाडाच्या खोडासारखे थर दिसतात. कित्येक वर्षं संशोधक धरून चालले होते की वर्षाला दोन थर पडतात. म्हणजे ६० थर मोजले की वय ३०. पण १९५०-६०च्या दशकांत अणुचाचण्या झाल्या, त्यांतला किरणोत्सारी कार्बन समुद्रात उतरला आणि त्या काळात वाढणाऱ्या दातांमध्ये त्याची खूण राहिली. ही खूण कितव्या थरात सापडते ते पाहून २००६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की थर वर्षाला एकच पडतो. एका फटक्यात बेलुगाचं आयुष्य कागदावर दुप्पट झालं. समुद्रातला बेलुगा साठ-सत्तर वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगू शकतो. चुकीच्या गणितातला आकडा घेऊन ‘पार्कात तेवढाच किंवा जास्त जगतो’ म्हणायचं, हे एक तर अज्ञान आहे नाहीतर लबाडी. बाबा, तुम्ही तीस वर्षं गणित शिकवलंत. तुम्ही तरी हा आकडा तपासायला हवा होता.

हसण्याबद्दल फार बोलायची गरज नाही. बेलुगाच्या तोंडाची ठेवणच तशी, मेलेला बेलुगाही हसताना दिसतो. मान डोलावतो कारण त्याच्या मानेचे मणके बऱ्याच देवमाशांसारखे एकमेकांना जुळलेले नसतात. "तो बघ, हो म्हणतोय," असं तुम्ही म्हणाला होतात आणि मीही तेव्हा हसले होते.

समुद्रात सोडले तर मरतील, हे मात्र बरंचसं खरं आहे, आणि मला ते मान्य करावं लागतं. यांतले कितीतरी टाकीतच जन्मलेत, हातातून मासा घेण्यापलीकडे शिकार त्यांना ठाऊक नाही. किस्काच्याच वर्षी आइसलँडला पकडलेला केइको नावाचा ऑर्का काही काळ याच मरीनलँडमध्ये होता. पुढे अफाट खर्च करून २००२ मध्ये त्याला मोकळं सोडलं, तो पोहत नॉर्वेला पोचला, पण माणसांभोवतीच घुटमळत राहिला आणि २००३च्या डिसेंबरात गेला. शिवाय २०२१ मध्ये इथून पाच बेलुगा अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या मिस्टिक मत्स्यालयात नेले, त्यांतले तीन दगावले. सोपा मार्ग नाहीच. पण त्यांना असं परावलंबी कुणी केलं? आणि ‘सोडता येत नाही’ याचा अर्थ ‘पुढची पिढीही टाकीतच जन्माला घाला’ असा कसा होतो? कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात पोर्ट हिलफर्डला समुद्राची खाडी जाळीने बंद करून आश्रयस्थान उभारायचा प्रयत्न चालू आहे. अजून ते तयार नाही, पण विचाराची दिशा ती आहे.

मुलांच्या शिक्षणाचं म्हणाल तर, उन्हाळ्यात उत्तर कॅनडातल्या हडसन उपसागरात हजारो बेलुगा नद्यांच्या मुखांशी जमतात, उथळ पाण्यातल्या खड्यांवर अंग घासून जुनी कातडी काढून टाकतात. टाकीत यातलं काय दिसतं?

आणि कोकणातलं पार्क. ते होणार नाही, कारण केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्येच सगळ्या राज्यांना कळवलंय की डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन टाकीत ठेवून दाखवणाऱ्या पार्कला, परवानगी द्यायची नाही. (तेव्हापासून ‘भारताने डॉल्फिनला माणसाचा दर्जा दिला’ असं जे फिरतंय तेही खरं नाही. काही शास्त्रज्ञांचं तसं मत आहे, एवढंच त्या पत्रकात होतं.) चेन्नईजवळ १९९८ मध्ये हा प्रयोग झालाय. बल्गेरियातून आणलेले डॉल्फिन सहा महिन्यांच्या आत मेले. दापोलीला कर्द्याच्या किनाऱ्यावरून सकाळी होडी निघते, डॉल्फिन दिसले तर दिसतात, नाही तर नाही. आपल्याला तेवढं पुरे आहे.

पुढच्या जूनमध्ये आई-बाबा येतील तेव्हा क्यूबेकमध्ये तादुसाकला जायचं ठरवलंय. टोरांटोपासून हजारेक किलोमीटर आहे, वाटेत एक मुक्काम करू. सेंट लॉरेन्स नदी तिथे समुद्रासारखी रुंद होते आणि काठावरच्या खडकांवर बसून बेलुगा दिसतात. दुर्बीण मी घेतली आहे. आईला कळप दाखवायचा आहे.

आणि बाबा, तो फॉरवर्ड तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलाय, आत्याने सांगितलं. हे सगळं तिथेही टाका, माझ्या नावाने टाकलंत तरी चालेल.