सशाच्या बापाचा पाय

माझी धाकटी बहीण तिच्या साडेतीन वर्षांच्या मुलाला चिऊ-काऊची गोष्ट सांगते, पण तिच्या गोष्टीत कावळ्याचं बूड भाजत नाही. शेणाचं घर पावसात वाहून जातं, कावळा मेणाच्या घराचं दार वाजवतो, ‘थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला तीट लावते’ हे सगळं यथासांग होतं आणि मग चिऊताई त्याला आत घेऊन खाऊ देते. आमच्या आईच्या गोष्टीतली चिऊताई मात्र त्याला तापल्या तव्यावर बसवायची. त्या ‘चर्र’ला आम्ही दोघी खदाखदा हसायचो आणि ‘परत सांग’ म्हणायचो.

हा वाद तिच्या एकटीचा नाही. तिकडच्या पालकांच्या ग्रुपवर तो अधूनमधून पेटतो आणि बहीण मला त्यातले निवडक मेसेज पाठवते. जुन्या गोष्टींतला मार, फसवाफसवी, भाजणं-कापणं काढून टाकावं की नाही? शेवटी तात्पर्य हवं की नको? मी हे सगळं इंग्लंडात, लेकीला झोपवता झोपवता वाचते. तेव्हा मांडीवर बहुतेक वेळा एकच पुस्तक असतं, बिअ‍ॅट्रिक्स पॉटरचं ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’.

त्यात गोष्ट सुरू होते न होते तोच सशीण पिल्लांना बजावते की कुठेही हुंदडा, पण मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका. तुमच्या बाबांना तिथे अपघात झाला, मिसेस मॅकग्रेगरनं त्यांचा पाय केला. हे मी व्हिडिओ कॉलवर मराठीत सांगत होते तेव्हा आई मध्येच म्हणाली, “काय केला? पाय? कुणाचा पाय?” मग तिला पाय म्हणजे आत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ, हे समजावून सांगितलं. क्षणभर गप्प बसून ती म्हणाली, “म्हणजे कावळा बराच सुटला म्हणायचा.”

एका वाक्यात बाप संपतो. रडारड नाही, सांत्वन नाही. आई टोपली-छत्री घेऊन बेकरीत निघून जाते आणि पीटर तडक त्याच बागेत घुसतो.

पॉटरनं ही गोष्ट आधी पत्रात लिहिली होती. ४ सप्टेंबर १८९३ला, तिच्या जुन्या शिक्षिकेच्या पाच वर्षांच्या आजारी मुलाला. काय लिहावं सुचत नाही म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, अशी तिची सुरुवात आहे. काही वर्षांनी तिनं पुस्तक करायचं ठरवलं, तर प्रकाशकांनी नकार दिले. मग १९०१च्या डिसेंबरात स्वतःच्या खर्चानं २५० प्रती छापल्या आणि १९०२मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकांनी रंगीत आवृत्ती काढली. लहान मुलाच्या हातात मावेल एवढा आकार हवा हा तिचा हट्ट होता. एका पानावर दोन-चार ओळी, समोर चित्र. पान उलटायचं काम मुलाचं, आणि माझी लेक ते कुणालाही करू देत नाही.

पण सव्वाशे वर्षं पुस्तक टिकलंय ते आकारामुळे नाही. माझ्या मते ते टिकलंय कारण यातला ससा, ससा आहे. पॉटरनं ससे पाळले होते, बारकाईनं रेखाटले होते. पीटरच्या अंगात निळं जॅकेट, पायात बूट, तोवर तो माणसासारखा दोन पायांवर चालतो. पळता पळता एक बूट कोबीत हरवतो, दुसरा बटाट्यांत, आणि लगेच वाक्य येतं की आता तो चार पायांवर पळू लागला आणि जास्त जोरात पळू लागला. पुढे जॅकेटची पितळी बटणं जाळ्यात अडकतात. तेही सोडून दिल्यावर चित्रात उरतो तो जीव मुठीत धरून पळणारा खराखुरा ससा. माझी लेक दर वेळी इथे माझा दंड धरते.

आणि एक उंदरीण आहे. पीटर तिला फाटकाची वाट विचारतो, पण तिच्या तोंडात इतका मोठा वाटाण्याचा दाणा आहे की तिला बोलताच येत नाही. ती नुसती मान हलवते. पीटर रडू लागतो. यातून काय शिकायचं? काही नाही! जग आपापल्या वाटाण्यात गुंतलेलं असतं, एवढंच. हे मी इथे पहिल्या वर्षी पुरतं अनुभवलंय.

घरी पोचल्यावर त्याला बोलणी बसत नाहीत. आई फक्त मनाशी म्हणते, पंधरा दिवसांत हे दुसरं जॅकेट गेलं. त्याला कॅमोमाइलचा काढा मिळतो आणि शहाण्या बहिणींना दूध-पाव नि बेरी. तात्पर्य हवंच असेल तर ते वाटीत आहे, शोधा.

इथले लोक फार धीट आहेत असं मात्र मला म्हणायचं नाही. पाय वाढतानाच्या मिसेस मॅकग्रेगरचं चित्र पहिल्या छपायांत होतं, ते पुढे गेलंच. १९८७मध्ये एका प्रकाशनानं गोष्ट सोपी करून, पॉटरच्या चित्रांऐवजी खेळण्यांचे फोटो घालून काढली, तेव्हा टीकाही झाली. आज पीटर कपांवर, दुपट्यांवर गोंडसपणे बसलेला असतो आणि ते विकत घेणाऱ्यांना त्याचा बाप आठवतही नसेल. अर्थात बाहुलीचं पेटंट पॉटरनं स्वतःच १९०३ला नोंदवलं होतं. बाई व्यवहाराला पक्की.

आपल्याकडे पुस्तकं नाहीत असंही नाही. माधुरी पुरंदऱ्यांच्या चित्र-पुस्तकांत उपदेशाचा वास नसतो आणि मूल मुलासारखंच वागतं. पण चिऊ-काऊला असं एक ठरलेलं पुस्तक लाभलं नाही. ती तोंडी राहिली, म्हणून प्रत्येक घरात वेगळी झाली. त्यामुळेच बहिणीला तवा गुपचूप काढता आला. मला पायचं वाक्य गाळता येत नाही, कारण लेकीला ते पाठ आहे.

हे सगळं मी बहिणीला ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, “ताई, तुझी पाच वर्षांची आहे. माझा रात्री दचकून उठला तर त्याला थोपटायला तू येणार आहेस का तिकडून?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात तिच्या मागून भाचा ओरडला, “मावशी, त्या पायमध्ये वाटाणे होते का?”