कॅमोमाईल अर्क निळा का नाही: आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. जर्मन कॅमोमाईलच्या फुलांचा आमचा सीओटू (म्हणजे कार्बन डायऑक्साइड वापरून काढलेला) अर्क निळा नाही म्हणून नकली आहे, थंडीत गोठतो आणि गरम पाण्यात नुसता तरंगतो, असं आपण लिहिलं आहे.

निळा रंग मुळात फुलात नसतोच. फुलात असतं मॅट्रिसिन नावाचं द्रव्य, आणि ते रंगहीन आहे. ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफेने तेल काढताना, त्याला बराच वेळ वाफ लागते, ते तुटतं आणि त्यातून निळं कॅमाझुलीन तयार होतं. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बार दाबाच्या वर गेला की द्रावकासारखा वागतो. आम्ही ४० अंशांच्या आसपास अर्क काढतो, त्यात वाफ वापरत नाही, त्यामुळे मॅट्रिसिन बरंचसं शाबूत राहतं आणि अर्क पिवळट-तपकिरी दिसतो. निळेपणावरून अस्सलपणा ठरवू नका, असं आम्ही कळकळीने सांगू: यारो या दुसऱ्या वनस्पतीच्या तेलातही कॅमाझुलीन असतं, आणि अस्सल निळं तेलसुद्धा उजेड-हवा लागून हिरवट, पुढे तपकिरी होतं. तपासून घ्यायचं असेल तर प्रयोगशाळेत एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारी) चाचणी मागा. गॅस क्रोमॅटोग्राफी या दुसऱ्या चाचणीत नमुना इतका तापतो की मॅट्रिसिन तिथेच तुटतं.

गोठतं ते फुलातलं मेण, तेही या पद्धतीत अर्काबरोबर येतं. बंद बाटली ४० अंशांच्या पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवा, चांगली हलवा, मगच अर्क मोजा. न हलवता घेतलात तर वर एक आणि तळाशी वेगळंच मिश्रण मिळेल. थेट आचेवर मात्र ठेवू नका.

पाण्यात तो तरंगणारच. अर्कातले बिसाबोलोल आणि मॅट्रिसिन हे घटक तेलात विरघळतात. पाण्यात उतरणारे फुलातले घटक, म्हणजे एपिजेनिनची ग्लुकोसाइडं, अर्क काढल्यावर उरलेल्या चोथ्यातच राहतात. म्हणून हा अर्क पिण्यासाठी नाही. काढ्यासाठी २-३ ग्रॅम सुकी फुलं घ्या, त्यांवर १५० मिली उकळतं पाणी ओता आणि १० मिनिटं झाकून ठेवा. झाकण विसरलात तर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. दोन्ही प्रकारचे घटक थोडेथोडे हवे असतील तर पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमधला अर्क बरा.

त्वचेसाठी १०० ग्रॅम तेलात अर्धा ग्रॅम अर्क पुरतो. शेवंतीच्या कुळातल्या फुलांची ॲलर्जी असेल तर लावू नका.

बाटलीवरचा बॅच क्रमांक कळवलात तर त्या बॅचचा एचपीएलसी अहवाल पाठवू. निळंच तेल हवं असेल, तर ऊर्ध्वपातनाचं तेल बदलून देऊ.