पट्टा मिळाला म्हणजे संपलं नाही

गडचिरोलीतल्या गावांना सामूहिक वनहक्काचा (गावाने मिळून जंगल वापरायच्या-सांभाळायच्या हक्काचा) पट्टा मिळाल्याचं तुमच्या लेखात चांगलं आलंय, पण सत्ता नेमकी कुणाकडे गेली ते राहिलं. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभा करते. मग उपविभागीय समिती, आणि अंतिम शब्द कलेक्टर अध्यक्ष असलेल्या जिल्हा समितीचा. मधली समिती ठराव फिरवू पाहते तेव्हा २०१२ ची नियम दुरुस्ती कामी येते: दाव्यात उणीव दिसली तर कारणं लेखी देऊन तो ग्रामसभेकडे परत पाठवायचा. नाकारला, तर ६० दिवसांत अपील. नुसतं 'पुरावा अपुरा' असं तोंडी ऐकून लोक घरी बसतात अन् मुदत निघून जाते.

सगळ्यात जास्त घोळ गणपूर्तीत, म्हणजे ग्रामसभा वैध ठरायला लागणाऱ्या हजेरीत. निम्मे सदस्य हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. म्हणजे ३०० मतदारांच्या टोल्यात (पाड्यात) १५० सह्या-अंगठे, त्यात किमान ५० बायांचे. धान रोवणीत सभा ठेवली तर कोण येणार बापा! रजिस्टरवर मागाहून सह्या घेतल्या की तोच कागद पुढे दाव्याच्या विरोधात वापरला जातो. दाव्यातल्या जंगलाच्या मोजणीला वनरक्षक हजर होता का, त्याची हुद्दा-तारखेसह सही आहे का, तेही त्याच दिवशी बघा.

बांबू-तेंदूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीनेच द्यायचा आहे. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाला हक्क २००९ मध्ये मिळाला, पण परवान्याचं पुस्तक हातात पडायला २०११ उजाडलं, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा.