टाकी उपसणार कोण?

उनकेश्वरला गरम पाण्याच्या कुंडाजवळ तंबू टाकायला जागा करून द्यावी का, यावर नांदेड-किनवटकडच्या मंडळींचं एकमत होत नाही. पर्यटन आलं तर पोरांना काम मिळेल, असं काहीजण म्हणतात. बाकीचे हात झटकतात, ‘आपल्या लोकांना शिस्त कुठंय? अमेरिकेत बघा, डोंगरात आठ-आठ दिवस राहतात, पण कागदाचा कपटा दिसत नाही.’

ही तारीफ अमेरिकेतल्याच आयडाहो राज्यात बसून ऐकली की हसू येतं. याच राज्यात बँक्स गावाजवळ स्किनी डिपर नावाचे गरम पाण्याचे झरे होते. तिथे कचरा झाला, माणसाची घाण साचली, अपघात झाले आणि 2016 साली सरकारी जमीन खात्याने जागाच बंद केली. घाण करणारे कुणी नांदेडहून आले नव्हते. ज्या झऱ्यांवर स्वच्छता दिसते, तिथेही माणसं याच जातकुळीची असतात. फरक एवढाच, की तिथे संडास असतो आणि तो उपसायला गाडी येते.

अशा झऱ्यांकडे जायची उन्हाळ्यातली नेहमीची वाट राजधानी बॉइसीहून 21 नंबरच्या रस्त्याने लोमनमार्गे स्टॅन्लीला जाते, साधारण 210 किलोमीटर. पुढे 75 नंबरचा रस्ता सॅमन नदीच्या कडेने सनबीमच्या झऱ्यांकडे जातो. नकाशात हे अंतर किरकोळ दिसतं, पण दिवस त्यातच जातो. स्टॅन्ली सुमारे 1,900 मीटर उंचीवर आहे. जुलैत दुपारी बनियनवर बसता येतं आणि पहाटे पारा शून्याशी खेळतो. इथे नवख्यांची पहिली फजिती चहाच्या वेळी होते. नुसत्या ब्यूटेनचा डबा थंडीत पेटत नाही, कारण उणे अर्ध्या अंशाखाली ब्यूटेनचा वायूच होत नाही. प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा आणि रात्री तो गाडीत न ठेवता पांघरुणात घ्यावा. स्टॅन्लीच्या दक्षिणेला गलीना घाट 2,652 मीटरवर आहे. तो उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. सारखा ब्रेक दाबला की तापतो, वास येतो आणि मग पाय दाबूनही धरत नाही. कन्नडचा घाट उतरलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

सनबीमला पाणी जमिनीतून निघतं तेच सत्तर अंशांच्या पुढे. त्यात थेट पाय घातला तर कातडी सोलून निघेल. म्हणून लोक नदीकाठी दगडांचा अर्धगोल बांध घालतात, वरून गरम धार येऊ देतात आणि नदीच्या बाजूचा एखादा दगड सरकवून थंड पाणी आत घेतात. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा हे बांध पाण्याखाली जातात. ऑगस्टमध्ये नदी आटते, थंड पाणी कमी पडतं आणि तेच डबकं सोसवत नाही इतकं तापतं. म्हणजे गेल्या महिन्यात कुणी ‘मस्त कोमट होतं’ म्हणालं, त्यावर जाऊ नये. साधा थर्मामीटर न्यावा. पाणी 40 अंशांच्या आत असावं, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर यावं, दारू पिऊन उतरू नये, गरोदर बाई आणि लहान लेकरं यांनी टाळलेलं बरं. डोकं पाण्याखाली अजिबात घालू नये. कोमट पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर माणूस सहसा वाचत नाही. नाक धरून डुबकी मारायची आपली सवय इथे मोडावी लागते.

अस्वलाचा नियमही कडक. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, इतकंच काय टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवायची नाही. ती गाडीत कुलूप लावून किंवा तंबूच्या तळावरच्या लोखंडी पेटीत. जळण घरून आणायचं नाही, तिथेच विकत घ्यायचं, कारण लाकडातून कीड एका जंगलातून दुसऱ्यात जाते. शेकोटी विझवताना पाणी ओतायचं, राख ढवळायची, परत ओतायचं. हाताला गार लागली तरच झोपायला जायचं.

पण आपल्या वादाला लागू पडणाऱ्या गोष्टी दोनच. पैशाचा खांब आणि संडास.

तळाच्या तोंडाशी लोखंडी नळा उभा असतो. पाकिटावर गाडीचा नंबर लिहायचा, रोकड आत घालायची, पाकीट फटीतून सोडायचं आणि फाडलेला तुकडा आपल्या जागेच्या खुंटीला अडकवायचा. खिडकी नाही, कारकून नाही. मात्र बऱ्याच तळांवर अख्खा उन्हाळा एखादं निवृत्त जोडपं स्वतःची गाडी लावून राहतं. संध्याकाळी ते फेरी मारतात, कागद संपला का बघतात, शेकोटी मोठी झाली तर टोकतात. ज्याला शिस्त म्हणतात, तिचा अर्धा भाग म्हणजे ही फेरी. आपल्याकडे देवळाचा गुरव हेच काम करू शकेल, फक्त त्याला पगार द्यावा लागेल. पावती फाडायला ठेकेदार नेमला तर संध्याकाळची फेरी कुणी मारणार नाही.

आता संडास. पाण्याशिवाय चालणारी ही खोली म्हणजे खाली पक्की बंद टाकी, साधारण 3,800 लिटरची. टाकीतून छपराच्या वर जाणारा जाड काळा पाइप उन्हाच्या बाजूला असतो. उन्हाने पाइप तापला की आतली हवा वर ओढली जाते आणि बैठकीतून ताजी हवा खाली जाते. म्हणून खोलीत वास येत नाही. दार उघडं ताणून ठेवलं किंवा झाडाच्या सावलीत खोली बांधली की हा ओढा बिघडतो. मराठवाड्यात उन्हाची कमी नाही, त्यामुळे पाइप झकास चालेल.

अडचण दुसरीकडे आहे. इथे कागद वापरतात, आपण तांब्या. एका वेळी दीड-दोन लिटर पाणी आत गेलं तर ही टाकी दोन-अडीच हजार वेळांत भरते. जत्रेला दिवसाला पाचशे माणसं धरली तर पाचव्या दिवशी काठोकाठ. म्हणजे अमेरिकेतला संडास जसाच्या तसा उचलून उनकेश्वरला बांधला तर महिनाभरात तो बंद पडेल आणि वर पुन्हा ‘आपले लोक असेच’ म्हणायला आपण मोकळे. धुण्याचं पाणी वेगळ्या खड्ड्यात मुरवावं लागेल किंवा उपसणारी गाडी ठरलेल्या वारी यावी लागेल. तिचा खर्च कोण देणार, हे बांधकामाच्या आधी लिहून घ्यावं. उद्घाटनाला पैसे सापडतात, उपसायला सापडत नाहीत.

हंगामही उसना घेऊ नये. इथला जुलै म्हणजे आपला डिसेंबर. मे महिन्यात बेचाळीस अंशांत तंबूत भाजून निघायचं आणि मग ऊन पाण्यात उतरायचं, याला सहल म्हणत नाहीत. शरभंग ऋषीसाठी रामाने बाण मारून काढलेलं पाणी, अशी उनकेश्वरची कथा आहे. ते थंडीतच अंगाला सुखाचं लागतं. कुंडात साबण नको आणि काठावर आजचं तापमान खडूने लिहिलेली पाटी हवी. ही दोन्ही कामं शंभर रुपयांत होतात.

जागा निवडताना काळ्या मातीत तंबू नको. एक सर आली की खुंट्या निसटतात, चाकं रुततात आणि बुटाला किलोभर चिखल चढतो. मुरमाड माळ घ्यावा, सकाळी बूट झटकूनच घालावेत, मुरमात फुरसं असतं. शोषखड्ड्याचंही तेच. काळी माती भिजली की फुगून बसते, पाणी खाली सोडत नाही. जागा ठरवण्याआधी गुडघाभर खड्डा खणून दोनदा पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघावा. पाणी तसंच उभं असेल तर तिथे संडास बांधू नये.