‘चाळीस ग्रॅम सोनं’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीच्या वाचकमहाशयांस,

परदेशातून येताना ड्यूटी न भरता किती सोनं आणता यायचं यावरच्या माझ्या ‘चाळीस ग्रॅम सोनं आणि दाबोळीचा कस्टम’ (दाबोळी म्हणजे गोव्याचा विमानतळ) या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “आधी नियम वाचा, मग लोकांना शहाणपण शिकवा. चाळीस ग्रॅम माफ नाही, एक लाखापर्यंत माफ. तुमच्यासारख्यांच्या भरवशावर माणसं अडकतात.” पुढे टीव्ही, दारू आणि नवराबायकोच्या सवलतीवर दोन-चार ओळी.

उत्तर देणार नव्हतो. पण ते ‘तुमच्यासारख्यांच्या’ जरा लागलं. माझ्यासारखे म्हणजे कसे हो? उमेदवारीची वर्षं मी वास्कोत एका क्लिअरिंग एजंटाच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवून देणाऱ्याच्या, टेबलावर घासली आहेत. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदात, एक आकडा चुकला की सगळा कागद पुन्हा टाइप करायचा, वर शेठची बोलणी खायची. तुम्ही नियम कुठं बसून वाचलेत ते मी विचारत नाही.

आता लाखाचं. लेख २०१९ मध्ये कुवेतहून परतलेल्या आमच्या मावशीचा आहे, म्हणजे २०१६ च्या बॅगेज नियमांचा, प्रवाशांच्या सामानावरच्या. त्या नियमांत वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून आलेल्या बाईला चाळीस ग्रॅमपर्यंत दागिने माफ होते, पण किंमत एक लाखाच्या आत. पुरुषाला वीस ग्रॅम आणि पन्नास हजार. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागायच्या. हे तिसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय. शीर्षकात नाही, मान्य. शीर्षक जरा चटकदार झालं. पण नुसतं शीर्षक वाचून कुणी विमानात बसत असेल तर त्याला मी काय करू?

शिवाय हा लाख आला कुठून तेही बघा. १९९१ पासून बाईला वीस हजार आणि पुरुषाला दहा हजार, ते २०१३ च्या बजेटपर्यंत तसंच होतं. तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी ते लाख आणि पन्नास हजारांवर नेलं. वजनाची अट २०१६ ला जोडली. सोनं ग्रॅमला अडीच हजार असेल तर चाळीस ग्रॅमचे बरोबर एक लाख होतात. भाव पाच हजारांपुढे गेला की लाखात वीस ग्रॅमही बसत नाहीत. म्हणजे वजन राहिलं कागदावर, आणि माणूस अडकायचा किमतीत. मावशीच्या पाटल्या काउंटरवरच्या छोट्या काट्यावर वजनात बसल्या. ती पर्स बंद करायला लागली, तोवर साहेबांनी दिनारमधलं बिल मागितलं, कॅलक्युलेटर पुढं ओढला, आणि ड्यूटी भरावी लागली. अख्खा लेख याचाच होता की! तोच मुद्दा तुम्ही मला उलटा शिकवताय.

बाकीचं फार नाही. टीव्ही फुकटात येत नाही हे २०१३ च्या ऑगस्टपासून बेळगावच्या शहापुरातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. दारू दोन लिटर, तीही परदेशातून येताना. चोर्ला घाटातून बेळगावला आणायची गोव्याची बाटली हा अबकारीचा मामला, ते कणकुंबीच्या नाक्यावर विचारा. नवराबायकोच्या सवलतींची बेरीज होत नाही, बरोबर. पण होते असं मी कुठं म्हटलंय? ओळ दाखवा.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. ओळ सापडली तर तिथंच खाली लिहा.